अर्ध्या वाट्याची माणसे

प्रेमाचा त्रिकोण आपल्या चांगल्या ओळखीचा. दोघे मित्र, मध्ये एक स्त्री, आणि शेवटी एकाने बाजूला व्हायचे. राज कपूरच्या 'संगम'मध्ये (१९६४) राजेंद्रकुमार स्वतःवर गोळी झाडून घेतो आणि उरलेल्या दोघांची वाट मोकळी होते.

जॉन श्लेसिंजरच्या 'संडे ब्लडी संडे' (१९७१) या चित्रपटात त्रिकोण आहे, गोळी नाही. लंडनमधला तरुण कलावंत बॉब एकाच वेळी दोघांचा आहे. घटस्फोटित ॲलेक्सचा आणि वयाने बराच मोठा असलेल्या डॉक्टर डॅनियल हर्शचा. स्त्रीची आणि पुरुषाची, दोन्ही ओढी त्याच्यात सुखाने नांदतात. दोघांनाही एकमेकांविषयी ठाऊक आहे. त्यांचे टेलिफोनवरचे निरोप घेणारी बाईसुद्धा एकच!

इंग्लंडमध्ये प्रौढ पुरुषांचे खासगी संबंधही १९६७ पर्यंत गुन्हा होते. त्यानंतर चारच वर्षांनी ज्यू घराण्यातला हा सभ्य डॉक्टर पडद्यावर बॉबचे चुंबन घेतो आणि कॅमेरा जराही दचकत नाही. त्याला वेड लागत नाही, तो जीवही देत नाही.

मला मात्र ॲलेक्सची आई विसरता येत नाही. पेगी ॲशक्रॉफ्टने ती मोजक्याच वेळात उभी केली आहे. नवरा धंद्याच्या व्यापात बुडालेला. तीही एकदा घर सोडून गेली होती, मग परत आली. सगळेच्या सगळे कुणालाच मिळत नसते, असे ती लेकीला समजावते. बँकेत अशी जोडपी मी पुष्कळ पाहिली. काउंटरशी शेजारी शेजारी उभी राहून, एकमेकांकडे न पाहता संयुक्त खात्याच्या फॉर्मवर सह्या करून जात. ॲलेक्सला आईचे पटत नाही. अर्ध्यावर भागवण्यापेक्षा काहीच नसलेले बरे, असे तिला वाटू लागले आहे. ग्लेंडा जॅक्सनचा चेहरा हे शब्दांच्या आधीच सांगतो.

मरे हेडचा बॉब तसा पोकळच वाटतो. एवढ्या शहाण्या माणसांनी त्याच्यासाठी का झुरावे? पण झुरणाऱ्याने असा हिशेब कधी केला आहे?

बॉब अमेरिकेला निघून जातो. त्याच्याबरोबर इटलीला जायचे म्हणून डॉक्टर ध्वनिमुद्रिकेवरून इटालियन शिकत असतो. बॉब गेल्यावरही त्याचा धडा चालूच आहे. मग पीटर फिंच वळून थेट आपल्याशी बोलू लागतो. तो मला सुखी करू शकला नसता असे लोक म्हणतात, पण मी सुखीच आहे, फक्त त्याची आठवण येते. आणि शेवटी, एखादा रुग्ण बोलावा तसा, आपण केवळ खोकल्यासाठी आलो होतो, असे म्हणून तो थांबतो.