वरकड सोयी आणि घरचा सर्व्हर

ग्राहक एखादी वस्तू विकत घेतो तेव्हा हाती पडलेल्या मालाचे मोल तो देतो, हे तर उघडच आहे. परंतु पुष्कळदा त्याच पैशात तो विक्रेत्याच्या वायद्याचेही मोल देत असतो. संगणकाच्या व्यापारात या वायद्याचे महत्त्व फार. कारण तेथील पुष्कळसा माल डोळ्यांना दिसत नाही आणि तो चांगला की वाईट हे वापरल्यावाचून कळत नाही. “अधिक दाम द्या, अधिक सोयी मिळतील,” हे आवाहन ग्राहकाला कितपत पटते, हा प्रश्न म्हणूनच केवळ कंपन्यांच्या नफ्यातोट्याचा नाही. बेताच्या पैशांत संगणक घेणाऱ्या कुटुंबांचा आणि शाळांचाही तो प्रश्न आहे. मायक्रोसॉफ्ट या कंपनीने थोड्या वर्षांच्या अवधीत केलेले तीन प्रयोग या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. त्यांपैकी दोन अमेरिकेतील श्रीमंत घर डोळ्यांपुढे ठेवून योजलेले होते. तिसरा बंगळूर येथे जन्मला.

संगणकाचा सारा कारभार पाहणारी जी मूळ आज्ञावली, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. 30 जानेवारी 2007 रोजी विंडोज व्हिस्टा ही आज्ञावली सामान्य ग्राहकांसाठी बाजारात आली. तिच्या अनेक आवृत्त्या होत्या. घरगुती वापराच्या चांगल्या आवृत्तीची अमेरिकेतील किंमत 239 डॉलर, तर ‘अल्टिमेट’ या सर्वांत वरच्या आवृत्तीची 399 डॉलर होती. वरचे दाम मोजणाऱ्यास कार्यालयीन उपयोगाच्या काही सोयी मिळत. शिवाय ‘अल्टिमेट एक्स्ट्राज’ या नावाने नवनव्या वरकड सोयी वेळोवेळी पाठविल्या जातील, असे आश्वासन होते. प्रत्यक्षात काय आले? पत्त्यांचा एक खेळ, पडद्याच्या पार्श्वभूमीवर हलणारी चित्रे, काही ध्वनी, सुरक्षिततेची एकदोन साधने आणि निरनिराळ्या भाषांचे संच. तेही इतक्या संथपणे, की त्याच वर्षी कंपनीला विलंबाबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. 2009 साली विंडोज 7 आली, तेव्हा ही योजना गुंडाळलेली होती. मराठी वाचकाने येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. व्हिस्टाच्या सूचनांना मराठी रूप देणारा संच या महागड्या आवृत्तीपुरता राखून ठेवलेला नव्हता. तो विनामूल्य मिळत होता. जी सोय खरोखर उपयोगाची होती, तिच्यासाठी वरचे दाम मोजण्याचे कारणच नव्हते.

दुसरा प्रयोग याहून गंभीर हेतूचा होता. जानेवारी 2007 मध्ये बिल गेट्स यांनी ‘विंडोज होम सर्व्हर’ची घोषणा केली. सर्व्हर म्हणजे इतर संगणकांची सेवा करणारा संगणक. कार्यालयात तो असतोच. तो आता घराच्या कोपऱ्यात बसावा, घरातील दहापर्यंत संगणकांच्या प्रती त्याने रोजच्या रोज करून ठेवाव्यात आणि कुटुंबाची छायाचित्रे, गाणी व कागदपत्रे एका ठिकाणी सांभाळावीत, अशी ही कल्पना. निवडलेल्या माहितीच्या प्रती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवण्याची त्यात व्यवस्था होती. एक डिस्क बिघडली तरी दुसरी राही. जाणकारांनी तिची प्रशंसा केली. मात्र सामान्य कुटुंबाला सर्व्हर कशाला हवा, हेच समजावून देणे विक्रेत्यांना जड गेले. “आई, घरात सर्व्हर कशाला?” अशा अर्थाच्या शीर्षकाची, मुलांच्या चित्रपुस्तकाच्या धर्तीवरील एक विनोदी पुस्तिका कंपनीनेच काढली, यावरून ती अडचण किती होती हे कळावे. त्यातच 2007 च्या अखेरीस एक दोष उजेडात आला. काही विशिष्ट कार्यक्रमांतून सर्व्हरवरील धारिका दुरुस्त केल्यास त्या खराब होऊ शकत. त्याचे निवारण व्हायला जुलै 2008 उजाडला. 2010 साली एचपी या कंपनीने असे सर्व्हर बनविण्याचे थांबविले आणि जुलै 2012 मध्ये मायक्रोसॉफ्टने ही मालिकाच बंद करीत असल्याचे जाहीर केले.

जुन्या वाड्यात कोठीची खोली असे आणि तिची किल्ली घरातील एका जबाबदार व्यक्तीकडे असे. घरचा सर्व्हर ही तशीच कोठी होय. तिच्यासाठी दोन गोष्टी अगोदर असाव्या लागतात: साठविण्याजोगा माल आणि किल्ली सांभाळणारे माणूस. घरात चारपाच संगणक असले, तरच दहा संगणकांच्या प्रती करणाऱ्या यंत्राला अर्थ आहे. भारतात 2011 च्या जनगणनेनुसार संगणक असलेली कुटुंबेच साधारण साडेनऊ टक्के होती, आणि संगणकावर इंटरनेट असलेली जेमतेम तीन टक्के. आपल्याकडे एका घरात अनेक संगणक ही स्थिती विरळाच. एका संगणकाभोवती अनेक माणसे, हीच सर्वसाधारण स्थिती होती.

नेमकी हीच स्थिती बंगळूरच्या संशोधकांच्या नजरेस पडली. मायक्रोसॉफ्टची संशोधनसंस्था तेथे 2005 च्या आरंभी स्थापन झाली. तिच्यातील जोयोजीत पाल, उदयसिंह पवार आणि केंटारो टोयामा यांनी ग्रामीण शाळांतील संगणकांचा वापर पाहिला. एका यंत्राभोवती मुलांचा घोळका बसे, परंतु माउस मात्र एखाद्याच दांडग्या मुलाच्या हाती राही. बाकीची नुसती पाहात बसत. यावर त्यांनी योजलेला उपाय साधा होता. एकाच संगणकाला अनेक माउस जोडायचे आणि प्रत्येक मुलाला पडद्यावर वेगळ्या रंगाचा स्वतःचा बाण द्यायचा. नवा संगणक घेण्यापेक्षा चार माउस घेणे कितीतरी स्वस्त. असे कार्यक्रम लिहिण्याचा ‘मल्टीपॉइंट’ हा संच कंपनीने विनामूल्य दिला. पुढे 2010 साली त्याच नावाचा एक सर्व्हरही निघाला. एका यंत्राला अनेक पडदे, कळफलक व माउस जोडून अनेक विद्यार्थ्यांना एकाच वेळी काम करता यावे, अशी त्याची रचना होती.

या प्रयोगाची चाचणी बोधप्रद आहे. इंग्रजी शब्द शिकविणाऱ्या खेळात सर्वांनी एकच उत्तर दिल्याखेरीज पुढे जाता येऊ नये असा नियम केला, तेव्हा गटातील मुले स्वतंत्र संगणकावर बसलेल्या मुलांच्या जवळजवळ बरोबरीने शब्द शिकली. तोच खेळ शर्यतीचा केला, तेव्हा केवळ मुलग्यांच्या गटांत भराभर कळ दाबण्याची चढाओढ लागली आणि शिकणे मागे पडले. यंत्र तेच, माउस तेच. फरक पडला तो वापराच्या रीतीमुळे. टोयामा यांनी 2015 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात हाच विचार पुढे नेला आहे. यंत्र माणसाच्या ठायी असलेली शक्ती व इच्छा वाढविते. ज्या शाळेत चांगला शिक्षक नाही, तेथे ती उणीव यंत्राने भरून निघत नाही. खरी गरज ओळखून केलेली सोयही आपोआप टिकत नाही, हेही खरे. मल्टीपॉइंट सर्व्हर 2016 मध्ये विंडोजच्या मोठ्या सर्व्हरचा एक भाग झाला आणि नंतरच्या आवृत्त्यांतून वगळला गेला.

मग घरच्या कोठीची गरजच नव्हती काय? गरज होती; ती फक्त उशिरा जाणवली, आणि तीही संगणकावाटे न येता मोबाइलवाटे आली. आज साध्या कुटुंबाकडेही हजारो छायाचित्रे असतात. गूगलने 2015 साली छायाचित्रे विनामूल्य साठविण्याची सोय दिली, तेव्हा लोकांनी आपली कोठी आनंदाने दुसऱ्याच्या वाड्यात हलविली. 1 जून 2021 पासून ती अमर्याद सोय संपली. आता पंधरा गिगाबाइटपलीकडे भाडे भरावे लागते, आणि ज्या ग्राहकाने वरकड सोयींना नकार दिला होता तोच हे भाडे भरतो. कारण येथे जपायचे असते ते लेकीच्या लग्नाचे किंवा निवर्तलेल्या आजोबांचे छायाचित्र.

ग्राहक अधिक दाम देत नाही, असे यावरून म्हणता येणार नाही. जे हरवले तर परत मिळणार नाही, ते जपण्यासाठी तो पैसे देतो. उद्या काहीतरी गमतीचे मिळेल या आशेवर मात्र फार काळ देत नाही. सर्व्हर घरात असो वा परक्या ठिकाणी, घेणाऱ्याने तीन गोष्टी विचाराव्यात: आज हाती काय पडते, बिघाड झाला तर तो कोण पाहणार, आणि विक्रेत्याने योजना बंद केली तर आपला ठेवा आपल्याला परत कसा मिळणार? शाळेसाठी यंत्रसामग्री घेणाऱ्यांनी चौथाही एक प्रश्न विचारावा: माउस कोणाच्या हाती राहणार?