दरवाजावरील जुळी आकृती

शयनगृहातील कपाटाच्या दोन दरवाजांवर एकच आकृती आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे समोरासमोर उभी दिसते, तेव्हा ती रंगाची करामत नसून, एकाच ओंडक्यातून लागोपाठ कापलेल्या दोन पापुद्र्यांपैकी एक, पुस्तकाचे पान उलटावे तसा उलटून दुसऱ्याशेजारी बसविल्याचा तो परिणाम असतो. हा पापुद्रा, ज्यास व्हिनियर म्हणतात, आजकाल बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा मिळतो. आणि खोडास जेथे फांदी फुटते किंवा गाठाळ फुगवटा येतो, तेथील तंतू वळणे घेत गेलेले असल्यामुळे सर्वांत मनोहर नक्षी तेथेच सापडते. परंतु नेमके तेच लाकूड अखंड फळीच्या रूपात हवेतील ओलाव्यानुसार असमान फुगते, आकसते व तडकते. म्हणून ते स्थिर पाट्यावर चिकटविण्यात कसलीही लबाडी नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पापुद्रा एकाच बाजूस लावल्यास सरस वाळताना तो आकसून पाट्यास आपल्याकडे ओढतो व पाटा वाकतो. सबब कोणाच्याही दृष्टीस न पडणाऱ्या मागील बाजूसही थर देणे कारागिरास भाग असते. कापलेले थर मूळ क्रमानेच ठेवावे लागतात. एक जरी गहाळ झाला, तरी पलंगाचा उशाकडील फलक आणि कपाट यांतील नक्षीचा धागा तुटतो. पॅरिसच्या १९२५ सालच्या प्रदर्शनात नावाजलेले फ्रेंच फर्निचर-रचनाकार एमिल-जाक रूलमान यांच्या सामानात मकासर आबनुसाचे व अंबोयना गाठीचे असेच पापुद्रे वापरलेले आढळतात.