नळपट्टीत न दिसणारा खर्च

घरी पाण्यावर किती खर्च होतो, असे वर्गात विचारले तर मुले नळपट्टीचा आकडा सांगतील. पाणी उकळायला लागणारा गॅस, फिल्टर, विकतचे जार, पोटाच्या दुखण्यावरची औषधे हे सारे त्यात कोणी धरत नाही. नदी बिघडली की हा खर्च वाढतो. तो कसा, ते पाहू.

शुद्धीकरण केंद्रात नदीच्या पाण्यातला गाळ तुरटीने खाली बसवतात, पाणी वाळूच्या थरातून गाळतात आणि शेवटी क्लोरिन घालतात. मूळ पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असेल तर लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम क्लोरिन पुरतो. पण त्यात सांडपाणी मिसळले असेल तर? सांडपाण्यात अमोनिया असतो. क्लोरिन आधी त्याच्याशी संयोग पावतो आणि क्लोरामिन तयार होते. तेही जंतू मारते, पण फार सावकाश. आणखी क्लोरिन घालत गेल्यावर क्लोरामिन मोडते आणि त्यानंतरच मोकळा क्लोरिन शिल्लक राहू लागतो. अमोनियातील १ मिलिग्रॅम नायट्रोजनसाठी असा ८ ते १० मिलिग्रॅम क्लोरिन खर्ची पडतो.

आता हिशेब करा. एखाद्या शहराला रोज १० कोटी लिटर पाणी लागते. स्वच्छ पाण्याला २०० किलो क्लोरिन पुरेल. लिटरमागे १ मिलिग्रॅम असा नायट्रोजन असेल, तर किमान ८०० किलो जादा लागेल. म्हणजे क्लोरिनचा खर्च पाचपट!

दिल्लीला हा अनुभव अनेकदा आला आहे. हरियाणातील कारखान्यांचे आणि वस्त्यांचे सांडपाणी यमुनेत येते. नदीचा प्रवाह क्षीण असताना ते पुरेसे विरळ होत नाही. पिण्याच्या पाण्यात अमोनिया लिटरला ०.५ मिलिग्रॅमहून जास्त नसावा, असे भारतीय मानक सांगते. नदीतले प्रमाण १ मिलिग्रॅमच्या पुढे गेले की वझिराबाद, चंद्रावल या केंद्रांना उत्पादन कमी करावे लागले आहे. मग नळाला पाणी कमी येते आणि लोक टँकर शोधू लागतात.

शुद्धीकरणात किंवा जलवाहिनीत कसूर राहिली, तर भुर्दंड थेट घरावर येतो. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली आणि काही जण दगावले. अशा वेळी पाणी उकळून पिणे हा खात्रीचा उपाय. पण त्याची किंमत किती? १० लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला ७५० किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलो गॅसपासून सुमारे ११,००० किलोकॅलरी मिळतात, पण शेगडीवर त्यांतल्या साधारण ६० टक्केच भांड्यात पोचतात. म्हणजे रोज सुमारे ११४ ग्रॅम गॅस. १४.२ किलोचे सिलिंडर एवढ्याच कामाला सव्वाशे दिवस पुरेल. वर्षाला तीन सिलिंडर केवळ पाणी उकळण्यासाठी! ज्या घरात सिलिंडर जपून वापरावे लागते, तिथे पाणी न उकळताच प्यायले जाते, यात नवल नाही.

शिवाय उकळल्याने जंतू मरतात. विरघळलेले क्षार, नायट्रेट किंवा जड धातू जात नाहीत. उलट, पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण किंचित वाढतेच. त्यासाठी आर. ओ. यंत्र घ्यावे, तर त्याचे पडदे ठराविक काळाने बदलावे लागतात आणि एक लिटर शुद्ध पाण्यामागे बहुधा दोन-तीन लिटर पाणी वाया जाते.

सांडपाणी नदीत सोडण्याआधी शुद्ध करायला पैसे लागतात, हे खरे. पण ते वाचवले म्हणून खर्च टळत नाही. तो प्रवाहाबरोबर खालच्या गावातल्या स्वयंपाकघरात पोचतो. वरच्या गावाने वाचवलेले पैसे खालचे गाव भरते.

मुलांना आठवडाभर आपल्या घरच्या पाण्याच्या खर्चाची नोंद ठेवायला सांगा: गॅस, जार, औषधे, आणि पाणी आणण्यात गेलेला आईचा वेळसुद्धा. मग सर्वांच्या नोंदी फळ्यावर मांडा. शेजारी नळपट्टी लिहा आणि फरक मुलांनाच काढू द्या.