पचनसंस्थेच्या व्याधींची परिभाषा : रुग्णाचा शब्द आणि शास्त्राचा शब्द

कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावी चिकित्सा करणाऱ्या आम्हां वैद्यांकडे पोटाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांची संख्या बारा महिने मोठी असते. हे रुग्ण बहुधा लक्षणे सांगत नाहीत, रोगाचे नावच सोबत घेऊन येतात. ‘पित्त झालंय’, ‘गॅस धरलाय’, ‘आव पडते’, ‘मूळव्याध हाय’. त्या नावाआड कोणती लक्षणे आहेत हे प्रश्न विचारून काढणे हे वैद्याचे काम. परंतु बाह्यरुग्णांच्या गर्दीत पुष्कळदा आपण ते नाव संस्कृतात उतरवतो, रुग्णपत्रिकेवर लिहितो आणि निदान झाले असे मानतो. पित्ताचे अम्लपित्त होते, आवेची प्रवाहिका होते, मूळव्याधीचे अर्श. या उतरवण्यात काय निसटते, यासंबंधी आमच्या अनुभवातील काही गोष्टी वैद्यबंधूंपुढे ठेवाव्यात असे वाटले.

आमच्या भागात शब्दांचा गुंता थोडा अधिक आहे. हिंगोली जिल्हा १९९९ साली परभणीतून वेगळा झाला. पण त्याच्या कितीतरी आधी, १९४८ पर्यंत, हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे हकिमांच्या युनानी परंपरेतील शब्द येथील घराघरांत रुजले. वयस्कर माणसे आजही ‘हाजमा बिघडला’, ‘कब्ज झाली’ असे म्हणतात. पटकीला ‘हैजा’ म्हणणारेही भेटतात. आपण अस्सल मराठी समजतो तो ‘जुलाब’ शब्दसुद्धा मूळचा फारसी ‘गुलाब’, म्हणजे गुलाबपाणी. अरबीत जाऊन तो गोड सरबतासाठी वापरला जाऊ लागला. मराठीत त्याचे दोन अर्थ झाले. वैद्य देतो तो जुलाब म्हणजे विरेचन आणि रोग्याला लागतात ते जुलाब म्हणजे अतिसार. ‘काल जुलाब झाले’ असे कोणी म्हटले, तर ते औषधाने झाले की आपोआप, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एरंडेल घेऊन आलेल्याला स्तंभन औषध दिल्याची उदाहरणे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील.

सर्वांत अधिक घोटाळा ‘पित्त’ या शब्दाचा. शास्त्रात तो एका दोषाचे नाव आहे आणि त्याचे पाचकादी पाच प्रकार आहेत. आधुनिक शारीरात यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठणाऱ्या द्रवाला मराठीत हेच नाव दिले गेले. लोकभाषेत छातीतील जळजळ हे पित्त, आंबट-कडू ओकारी हे पित्त, उन्हातून आल्यावर चढणारी अर्धशिशी हे पित्त, आणि अंगावर उठणाऱ्या खाजऱ्या गांधी हेही पित्तच. यांतील शेवटचा प्रकार शास्त्रात शीतपित्त, उदर्द व कोठ या नावांनी सांगितला असून त्याची संप्राप्ती व चिकित्सा अम्लपित्ताहून वेगळी आहे. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले की रुग्ण म्हणतो, ‘म्हणूनच मला लई पित्त होतं’, आणि तिखट सोडून खडे विरघळण्याची वाट पाहत बसतो. एकच शब्द वैद्याने, शल्यचिकित्सकाने आणि रुग्णाने तीन अर्थांनी वापरला, याची तिघांनाही कल्पना नसते.

अम्लपित्त या संज्ञेचीही थोडी चौकशी करणे अगत्याचे आहे. बृहत्त्रयीत या व्याधीला स्वतंत्र अध्याय नाही. काश्यपसंहितेत आणि माधवनिदानात तो स्वतंत्रपणे येतो. माधवकारांनी ऊर्ध्वग व अधोग असे त्याचे भेद केले असून अविपाक, क्लम, उत्क्लेश, तिक्ताम्ल उद्गार, गौरव, हृत्कंठदाह आणि अरुची ही लक्षणे सांगितली आहेत. आज आपण ‘ॲसिडिटी’ऐवजी सरसकट अम्लपित्त लिहितो तेव्हा यांपैकी एखादेच लक्षण, बहुधा दाह, आपल्यासमोर असते. त्यातही हृत्कंठदाह हा शब्द वैद्याने सावधपणे वापरावा असा आहे. साठीचा, मधुमेही, घामाघूम झालेला माणूस छातीवर हात ठेवून ‘पित्त लई वर आलंय’ असे म्हणतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. त्याच्याजवळ त्या संवेदनेसाठी दुसरा शब्दच नसतो. अशा वेळी सूतशेखर देण्यापूर्वी ई.सी.जी. काढणे आवश्यक आहे. हृदयविकाराचा झटका ‘पित्त’ म्हणून घरीच ताक पिऊन काढणारी माणसे प्रत्येक गावात आहेत, आणि तो ‘अम्लपित्त’ म्हणून लिहिणारे वैद्यही, दुर्दैवाने, आहेत.

‘गॅस’ची गोष्ट याच्या उलट. येथे लोकांचा शब्द एकच आणि शास्त्राचे शब्द पुष्कळ. गुडगुड आवाज तो आटोप. पोट भात्यासारखे फुगून दुखणे ते आध्मान. मल व वायू दोन्ही अडून राहणे तो आनाह. हा भेद केवळ पाठांतरासाठी नाही. आध्मानाचा रुग्ण हिंग्वाष्टक चूर्णाने दुसऱ्या दिवशी बरा होऊन येतो. परंतु आनाहाबरोबर वारंवार ओकारी असेल, वायू मुळीच सरत नसेल आणि पोट ताठ होत असेल, तर संहितांमध्ये उदररोगांत सांगितलेल्या बद्धगुदाचा विचार त्याच क्षणी करावा लागतो. तो रुग्ण आपल्या दवाखान्यात ठेवण्याचा नव्हे. ‘गॅस’ हा एकच शब्द पत्रिकेवर लिहिला, तर हे दोन्ही रुग्ण कागदावर सारखेच दिसतात.

आता ‘ग्रहणी’. चरकांनी ग्रहणी हे अग्नीचे अधिष्ठान सांगितले. ती नाभीच्या वर असून अपक्व अन्न धरून ठेवते आणि पक्व झालेले पुढे सोडते. सुश्रुतांनी पित्तधरा कलेला ग्रहणी म्हटले. तिच्या बिघाडाने होणाऱ्या व्याधीसही ग्रहणी हेच नाव रूढ झाले. म्हणजे अवयव आणि रोग यांना शास्त्रातच एक नाव. पुढे विसाव्या शतकात आधुनिक शारीराला देशी नावे देण्याचे काम सुरू झाले, तेव्हा लहान आतड्याच्या पहिल्या भागासाठी हिंदीत ग्रहणी हाच शब्द घेतला गेला. मराठीत त्या भागाला आद्यांत्रही म्हणतात आणि ग्रहणीही. परिभाषा घडविणाऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. जुने नाव टिकावे हाच त्यांचा हेतू होता. परंतु आपल्या लेखी ग्रहणी हे धारण व मोचन करणारे एक कार्य आहे, तर त्यांच्या लेखी ते सुमारे २५ सेंटिमीटर लांबीच्या नळीचे नाव आहे.

याचा परिणाम काय होतो, ते आमच्या एका सहव्यवसायी मित्राच्या रुग्णाने दाखवून दिले. तिशीतील स्त्री, कित्येक महिने कधी पातळ, कधी बांधून मलप्रवृत्ती, अन्नावर वासना नाही, वजन उतरलेले. मित्राने औषधे दिली, उतार पडेना, तेव्हा मोठ्या रुग्णालयाकडे चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर इतकेच होते : ‘जीर्ण ग्रहणी, पुढील तपासणीसाठी’. तेथील तरुण डॉक्टरांनी त्याचा अर्थ आद्यांत्राचा जुना विकार असा घेतला, तोंडावाटे दुर्बीण घालून तपासणी केली, ती निर्दोष आली आणि बाई परत आल्या. पुढे दोन महिन्यांनी संध्याकाळचा बारीक ताप आणि उजव्या कुशीतील दुखणे याकडे कोणाचे तरी लक्ष गेले, आणि उंडुकाजवळ आतड्याचा क्षय निघाला. क्षयाच्या औषधांनी बाई बऱ्या झाल्या. शास्त्राच्या दृष्टीने मित्राचे निदान चुकलेले नव्हते, असे आम्ही आजही म्हणू. चुकली ती चिठ्ठी. वजन, ताप आणि दुखण्याची जागा या तीन गोष्टी त्यात लिहिल्या असत्या, तर ‘ग्रहणी’ शब्दाचा कोणी काहीही अर्थ लावला असता तरी बिघडले नसते.

आव, आम आणि अमीबा या तीन शब्दांविषयी थोडक्यात. उच्चार जवळ असल्याने लोक ते एकच समजतात आणि काही वैद्यही त्यांची गल्लत करतात. आम म्हणजे अग्निमांद्यामुळे अपक्व राहिलेला रस. तो शरीरात कोठेही असू शकतो. आव म्हणजे मलावाटे पडणारी चिकट शेंब; प्रवाहण करताना ती पडते म्हणून व्याधी प्रवाहिका. ‘अमीबा’ हा शब्द बदल या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला. आमाशी त्याचे काही नाते नाही. आव पडणाऱ्या प्रत्येकाला अमीबा असतोच असे नाही, आणि आम असलेल्या प्रत्येकाला आव पडते असेही नाही. साम मल पाण्यात बुडतो ही परीक्षा आपण सारे शिकलो. परंतु मल तरंगण्यामागे स्नेह वा वायूचे आधिक्यही असू शकते, म्हणून केवळ तिच्यावर विसंबू नये.

मूळव्याधीविषयी लिहिताना आम्हांस आमचीच चूक सांगावी लागेल. सुमारे दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. हळद शिजवण्याचे दिवस होते. पन्नाशीचे एक शेतकरी ‘मूळव्याधीचं रगत पडतंय’ म्हणून आले. घाईत होते, तपासणीस संकोचत होते. आम्ही पत्रिकेवर ‘रक्तार्श’ असे लिहिले, औषध दिले आणि गुदपरीक्षण पुढच्या वेळेवर ठेवले. रक्त कमी झाले, पुन्हा वाढले. तीन महिने ‘पुढची वेळ’ आली नाही, कारण पत्रिकेवर निदान लिहिलेले होते, आणि लिहिलेल्या निदानावर आपण सहसा पुन्हा शंका घेत नाही. अखेर दुसऱ्या एका चिकित्सकांनी बोट घालून पाहिले, तेव्हा गुदात गाठ लागली. अर्बुद होते. शस्त्रक्रिया झाली, पण ते यकृतापर्यंत पोचले होते. वर्षभरात ते गेले. त्यांचा मुलगा आजही आमच्याकडे येतो. त्याने कधी काही विचारले नाही.

मूळव्याध या लोकशब्दात अर्श, भगंदर, गुदविदार, गुदभ्रंश आणि अर्बुद असे सारे मावते. गुदविदारासाठी आपण आज परिकर्तिका हा शब्द योजतो. मात्र संहितांत परिकर्तिका मुख्यतः विरेचन व बस्ती यांच्या व्यापदांत येते, हे विद्यार्थ्यांना सांगितले जात नाही. सुश्रुतांनी गोस्तनाकार अर्शोयंत्राचे वर्णन केले ते गुदाच्या आत पाहण्यासाठीच. अर्श हे निदान डोळ्यांनी वा बोटाने पाहून करावयाचे, ऐकून नव्हे, हे आपल्याच शास्त्राचे म्हणणे आहे. चाळिशीनंतर प्रथमच रक्त पडू लागले असेल, मलप्रवृत्तीची सवय बदलली असेल, पांडुता किंवा वजनात घट असेल, तर अर्श दिसला तरीही तेवढ्यावर थांबू नये. दोन्ही एकत्र असू शकतात.

परिभाषेच्या प्रमाणीकरणाचे काम अलीकडे वेगाने झाले आहे. केंद्रीय आयुष मंत्रालयाने २०१७ मध्ये ‘नमस्ते’ पोर्टल सुरू करून आयुर्वेदीय व्याधींना सांकेतांक दिले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये आयुर्वेदीय संज्ञांचा प्रमाणकोश काढला, आणि १० जानेवारी २०२४ रोजी रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांच्या व्याधिसंज्ञांचा भाग प्रसिद्ध केला. ही स्वागतार्ह गोष्ट आहे. अम्लपित्ताला स्वतःची जागा मिळाली, त्याला ‘ॲसिडिटी’च्या पोटात शिरावे लागले नाही. तथापि सांकेतांक हा निदान झाल्यानंतर द्यावयाचा असतो. संगणकावरील यादीतून नाव निवडणे हे आमच्या ‘रक्तार्श’ लिहिण्याइतकेच सोपे आहे, अशी आम्हांस भीती वाटते.

आमच्या दवाखान्यात त्यानंतर आम्ही एक साधी पद्धत ठेवली आहे. पत्रिकेच्या पहिल्या ओळीत रुग्णाचे शब्द जसेच्या तसे, अवतरणचिन्हांत. त्याखाली कालावधी, स्थान, मल-मूत्र-क्षुधा, वजन आणि काय तपासले व काय तपासावयाचे राहिले ते. शास्त्रीय नाव सर्वांत शेवटी, आणि तपासणी अपुरी असेल तर त्यापुढे प्रश्नचिन्ह. इतर पॅथीच्या डॉक्टरांकडे पाठवताना नाव शक्यतो लिहितच नाही. नमुन्यादाखल एक चिठ्ठी येथे देत आहोत. तिच्यात ‘ग्रहणी’ हा शब्द कोठेही नाही :

‘वय ३४, स्त्री. पाच महिन्यांपासून दिवसातून तीन-चार वेळा पातळ मल, मध्ये दोन-तीन दिवस बांधून. मलात रक्त नाही. भूक मंद. वजन अंदाजे सहा किलो कमी. संध्याकाळी अंग गरम लागते, ताप मोजलेला नाही. नाभीच्या उजव्या बाजूस खाली दाबल्यास दुखते. गुदपरीक्षण केले, गाठ नाही. आमचे औषध सहा आठवडे दिले, फरक नाही. कृपया आतड्याच्या खालच्या भागाची तपासणी व्हावी.’