ज्या वर्षी दिल्लीचं सरकार बदललं



"माझ्या एका मतानं काय होतंय?" गटाच्या बैठकीत हे वाक्य हमखास निघतं. म्हणून आज एक जुनी गोष्ट सांगते. तुमच्या घरातल्या आजीला, सासूबाईंना ती आठवत असेल.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. तेव्हापासून तीस वर्षं दिल्लीत एकाच पक्षाचं, काँग्रेसचं राज्य होतं. निवडणुका होत होत्या, पण सरकार बदलत नव्हतं. मग २५ जून १९७५ ला आणीबाणी लागली. विरोधी पुढारी तुरुंगात गेले. वर्तमानपत्रात काय छापायचं ते सरकार ठरवू लागलं. नसबंदीची सक्ती सुरू झाली. आपल्या राज्याच्या विधिमंडळानं तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. बाईच्या अंगावरचा, घरातला निर्णय सरकार घेऊ पाहत होतं. राजकारण चुलीपर्यंत येतं ते असं.

मार्च १९७७ मध्ये मतदान झालं. लोक उघड बोलत नव्हते, पण शिक्का मारताना बोलले. काँग्रेस १५४ जागांवर आली. खुद्द पंतप्रधान इंदिरा गांधी रायबरेलीत हरल्या. मोरारजी देसाई पंतप्रधान झाले.

आणि आपल्याकडं? राज्याचे मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण नांदेडचेच. तरी नांदेडनं शेतकरी कामगार पक्षाचे भाई केशवराव धोंडगे लोकसभेवर पाठवले. लातूर तेव्हा वेगळा जिल्हाही नव्हता, उस्मानाबादेत होता. तिथूनही शेकापचे भाई उद्धवराव पाटील निवडून आले. मुंबईतून मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर या दोघी जिंकल्या. आणीबाणीत दोघींनीही तुरुंग भोगला होता. पाण्यासाठी लढणाऱ्या मृणालताईंवरून तेव्हा घोषणा झाली, "पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात!"

आता सगळं चांगलंच झालं असं नाही. नवं सरकार आपसातल्या भांडणात १९७९ ला पडलं. १९८० ला लोकांनी पुन्हा काँग्रेसला बसवलं; आपल्या दोन्ही जागाही काँग्रेसकडं गेल्या. पण एक काम पक्कं झालं. १९७८ च्या घटनादुरुस्तीनं आणीबाणी लावणं अवघड केलं. नुसती "अंतर्गत अशांतता" आहे म्हणून आता ती लावता येत नाही. आणि जगण्याचा हक्क आणीबाणीतही काढून घेता येत नाही.

यातून आपण काय घ्यायचं? कोणता पक्ष चांगला, ते मी सांगणार नाही. ते तुमचं तुम्ही ठरवा. पण बसवणारे आपण, उठवणारेही आपण, हे १९७७ नं दाखवलं आणि १९८० नंही दाखवलं. ज्याला आपण परत निवडलंच पाहिजे असं वाटत नाही, तोच दारात येऊन हँडपंपाचं विचारतो.

आणि एका मताचं म्हणाल, तर नोव्हेंबर २०२४ ची नांदेड लोकसभेची पोटनिवडणूक आठवा. लाखो मतं पडली, निकाल लागला १,४५७ मतांनी. एवढ्या बाया तर चार-पाच गावांच्या बचत गटांत मिळून निघतील.

मत गुप्त असतं. यंत्रावर बटण दाबलं की शेजारच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि पेटीत पडते. ती तुम्हालाच दिसते. घरधन्याला नाही, सरपंचाला नाही, साडी वाटणाऱ्याला तर नाहीच. "आम्हाला कळतंय कुणाला दिलं ते," असं कुणी म्हणालं, तर ती नुसती धमकी समजा.

पुढच्या बैठकीत दोन कामं करा. मतदार यादीत गटातल्या प्रत्येकीचं नाव आहे का, ते बघा. लग्न होऊन आलेल्या सुनांची आणि अठरा पूर्ण झालेल्या लेकींची नावं आधी तपासा. आणि एखाद्या आजीला विचारा, सत्त्याहत्तर साली तुम्ही कुणाच्या सांगण्यावरून मत दिलं? की स्वतःच्या मनानं?

ती काय सांगते ते सगळ्या मिळून ऐका. रामराम.