हिमोग्लोबिन वर, लोह खाली : टेस्टोस्टेरॉन उपचार आणि मांसाहार

टेस्टोस्टेरॉनचे उपचार घेणाऱ्या पुरुषांच्या रक्ततपासणीत सर्वांत जास्त वेळा दिसणारा दुष्परिणाम म्हणजे हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिट वाढणे. हिमॅटोक्रिट म्हणजे एकूण रक्तात तांबड्या पेशींनी व्यापलेला टक्का. तो ढोबळमानाने हिमोग्लोबिनच्या तिप्पट असतो : हिमोग्लोबिन १५ तर हिमॅटोक्रिट ४५ च्या आसपास, १८ तर ५४ च्या. रुग्ण रोज मटण, चिकन, अंडी खाणारा असला की या वाढीचे खापर सर्वांत आधी ताटावर फुटते. ‘रक्त जास्त झालंय, मटण बंद करा’ हा सल्ला घरातून मिळतो, जिममधून मिळतो, आणि बहुतेक वेळा तो चुकीचा असतो.

लोह हा तांबड्या पेशींचा कच्चा माल आहे. पेशी किती बनवायच्या हे मात्र लोह ठरवत नाही. मूत्रपिंडातून स्रवणारे एरिथ्रोपोएटिन ठरवते. विटांचे ट्रक जास्त आले म्हणून घराला मजले चढत नाहीत. लोहाचा साठा पुरेसा झाला की यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक वाढवते आणि आतड्याच्या पेशींतून लोह रक्तात सोडणारा मार्ग आवळला जातो. शरीराला जादा लोह बाहेर टाकण्याची वेगळी सोय नाही. रोज झडणाऱ्या पेशींबरोबर एक-दोन मिलिग्रॅम जाते, तेवढेच. त्यामुळे सगळे नियंत्रण आत घेतानाच ठेवलेले आहे. म्हणूनच आठवड्याचे सातही दिवस मटण खाणाऱ्या निरोगी माणसाचे हिमोग्लोबिन त्या मटणामुळे १८ वर जात नाही. लोहाची कमतरता असलेल्याचे हिमोग्लोबिन मांसाहाराने सुधारते हे खरे, पण ती तूट भरून निघणे असते.

टेस्टोस्टेरॉन या यंत्रणेत दोन ठिकाणी हात घालते. ते एरिथ्रोपोएटिनची पातळी वर नेते आणि हेप्सिडिन दाबते. हेप्सिडिन दबले की आतड्यातून आणि साठ्यातून लोह मोकळे होते आणि अस्थिमज्जेकडे वळते. हेप्सिडिनमधली घट उपचार सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच दिसते. हिमोग्लोबिन पुढचे काही महिने चढत राहते आणि साधारण वर्षभरात एका पातळीवर स्थिरावते. वयस्कर पुरुषांत ही वाढ जास्त असते. औषधाच्या प्रकारानेही फरक पडतो. दोन-तीन आठवड्यांतून एकदा घेतल्या जाणाऱ्या एनान्थेट किंवा सायपिओनेट इंजेक्शनांनंतर रक्तातली पातळी एकदम उसळते, आणि हिमॅटोक्रिट वाढण्याचे प्रमाण त्यांत सर्वाधिक आढळते. त्वचेवर लावायच्या जेलमध्ये ते कमी असते.

आता हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे, कारण रिपोर्टमधला वरवरचा विरोधाभास त्यातूनच सुटतो. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये सुमारे ३.४ मिलिग्रॅम लोह असते. पाच लिटर रक्त असलेल्या पुरुषाचे हिमोग्लोबिन १५ वरून १७ झाले, तर त्याच्या अंगात १०० ग्रॅम हिमोग्लोबिनची भर पडली, म्हणजे सुमारे ३४० मिलिग्रॅम लोह कामाला लागले. ते आले कुठून? मुख्यतः साठ्यातून. साठ्याचा अंदाज रक्तातल्या फेरिटिन या लोह साठवणाऱ्या प्रथिनावरून येतो. फेरिटिनच्या एका एककामागे साधारण आठ मिलिग्रॅम साठवलेले लोह धरतात. सुरुवातीला फेरिटिन ६० असेल तर साठा ४८० मिलिग्रॅमच्या आसपास, आणि त्यातला मोठा भाग या एका वाढीत खर्ची पडू शकतो. काही आहारातून भरून येतो, तरी हिमोग्लोबिन १७ आणि फेरिटिन २५ असा रिपोर्ट हातात पडणे यात नवल नाही. ‘रक्त एवढं चांगलं आहे, मग लोह कमी कसं?’ या प्रश्नाचे उत्तर हेच, की साठ्यातले लोह पेशींमध्ये गेले आहे. लॅबची चूक नाही आणि कुठे रक्तस्राव होत असेलच असेही नाही. मात्र हिमोग्लोबिन न वाढता फेरिटिन घसरत असेल, तर पन्नाशीपुढच्या पुरुषात पोट आणि आतडी तपासून घेणे टाळू नये.

मांसाहार करणाऱ्याला लोह कमी पडूच शकत नाही, हा याच घरातला दुसरा गैरसमज. मांसातले हीम लोह १५ ते ३५ टक्के शोषले जाते आणि भाज्या-धान्यांतले लोह त्याहून बरेच कमी, हे बरोबर आहे. पण सगळे मांस सारखे नसते. शिजवलेल्या बकऱ्याच्या मटणात १०० ग्रॅममागे तीन-साडेतीन मिलिग्रॅम लोह असते, कोंबडीच्या कलेजीत दहाच्या वर, आणि जिममध्ये जाणाऱ्यांच्या डब्यात रोज असणाऱ्या चिकन ब्रेस्टमध्ये जेमतेम एक. अंड्याच्या पांढऱ्यात लोह जवळजवळ नसतेच. दिवसाला अर्धा किलो चिकन, दहा अंड्यांचे पांढरे आणि दुधातून घेतलेली प्रोटीन पावडर असा आहार प्रथिनांनी भरलेला आणि मांसाहारीही असतो. लोहाच्या बाबतीत मात्र तो बेताचाच. त्यात दुधातले कॅल्शियम दोन्ही प्रकारच्या लोहाचे शोषण काही प्रमाणात रोखते, आणि जेवणावर लगेच घेतलेला चहा वनस्पतीजन्य लोहाचे शोषण निम्म्याहून कमी करू शकतो.

आता रक्तदान. हिमॅटोक्रिट वाढला की दर तीन महिन्यांनी रक्त देऊन यायचे आणि औषधाचा डोस तसाच चालू ठेवायचा, ही पद्धत टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांत बरीच रुळली आहे. रक्त दिल्यावर आकडा उतरतो हे खरे. पण हिमोग्लोबिन १७ असलेल्या माणसाने ४५० मिलिलिटर रक्त दिले की सुमारे ७६ ग्रॅम हिमोग्लोबिन आणि त्याबरोबर २६० मिलिग्रॅम लोह जाते. आहारातून दिवसाला दीड मिलिग्रॅम जादा लोह मुरले, तरी एवढे भरून यायला जवळपास सहा महिने लागतात. २०१५ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अमेरिकी अभ्यासात लोहाची गोळी न घेतलेल्या रक्तदात्यांपैकी दोन-तृतीयांशांचा साठा १६८ दिवसांनंतरही पूर्ववत झाला नव्हता. ते तर टेस्टोस्टेरॉनची भानगड नसलेले सामान्य दाते होते. भारतात पुरुषाला तीन महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. ते अंतर हिमोग्लोबिनच्या दृष्टीने पुरेसे असते, लोहाच्या साठ्याच्या दृष्टीने नसते.

वर्षभर असे चालले की काय होते? औषध चालूच असल्याने अस्थिमज्जेला पेशी बनवण्याचा हुकूम मिळत राहतो, लोह मात्र संपलेले. पेशी लहान आणि फिकट होतात, रिपोर्टमधला एमसीव्ही (तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान) ८० च्या खाली सरकतो, हिमॅटोक्रिट काही महिन्यांत पुन्हा चढतो. दरम्यान थकवा, धाप, रात्री पाय हलवत राहण्याची अनावर ऊर्मी, केस गळणे अशा तक्रारी सुरू होतात. टेस्टोस्टेरॉन कमी पडतेय असे समजून काही जण डोस वाढवतात. काही जण स्वतःहून लोहाच्या गोळ्या घेतात, आणि दबलेल्या हेप्सिडिनमुळे लोह झपाट्याने शोषले जाऊन हिमॅटोक्रिट पुन्हा उसळतो. मग पुन्हा रक्तदान. या फेऱ्यात मटण खाणे वा सोडणे हा मुद्दाच नसतो. मुद्दा डोसचा असतो. रक्त काढणे कधी आवश्यक ठरते, पण तो डॉक्टरांच्या निर्णयाने आणि फेरिटिनवर नजर ठेवून करायचा उपाय आहे. रक्तपेढीत गेल्यास चालू औषधांची माहिती लपवू नये.

अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना याबाबत सरळ आहेत. मुळातच हिमॅटोक्रिट ४८ टक्क्यांच्या वर असेल (उंच डोंगराळ प्रदेशात ५०) तर उपचार सुरू करू नयेत. सुरू केल्यास तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी तो तपासावा. ५४ च्या वर गेल्यास औषध थांबवावे, आकडा उतरेपर्यंत वाट पाहावी, ऑक्सिजन कमी पडण्याची कारणे आणि झोपेतला श्वासरोध शोधावा, आणि मग कमी डोसने सुरुवात करावी. घोरणारा, वजन जास्त असलेला, सिगारेट ओढणारा रुग्ण असेल तर वाढीचा बराचसा वाटा त्या कारणांचाच असू शकतो. पाणी न पिता, उन्हातून किंवा व्यायामावरून थेट दिलेल्या नमुन्यात रक्त घट्ट भासते. सीमेवरचा आकडा आल्यास नीट पाणी पिऊन तपासणी पुन्हा करणे शहाणपणाचे. मात्र खरोखर वाढलेल्या पेशी पाण्याने कमी होत नाहीत. अ‍ॅस्पिरिननेही होत नाहीत. ते बिंबिकांवर (प्लेटलेट्सवर) काम करते.

हिमोग्लोबिन जितके जास्त तितके चांगले, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की का आहे हे समजण्यासारखे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया आणि २५ टक्के पुरुष ॲनिमियाग्रस्त आढळले. अशा देशात १७.८ हा आकडा कौतुकाचा वाटतो. पण हिमॅटोक्रिट वाढतो तसे रक्त दाट होते. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांत गुठळ्यांचा धोका नेमका किती वाढतो यावर तज्ज्ञांत अजून एकमत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ट्रॅव्हर्स’ चाचणीत हृदयविकाराचा धोका असलेल्या पाच हजारांहून अधिक पुरुषांत जेलमुळे हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण वाढले नाही. फुप्फुसातली गुठळी मात्र ०.९ टक्क्यांना झाली, तुलनेच्या गटात ०.५. ती चाचणी देखरेखीखालच्या, मोजून दिलेल्या जेलची होती. जिमच्या ओळखीतून मिळवलेल्या, दुप्पट-चौपट मात्रेच्या इंजेक्शनांना तिचा दिलासा लागू करता येत नाही.

उलट टोकाची भीतीही अनाठायी असते. असा वाढलेला हिमॅटोक्रिट म्हणजे पॉलिसायथेमिया व्हेरा हा अस्थिमज्जेचा आजार नव्हे. त्या आजारात जवळपास सर्व रुग्णांत जेएके-२ जनुकातला बदल सापडतो आणि हिमॅटोक्रिट ४५ च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट असते. तो ४५ चा निकष टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्याला लावला तर कारण नसताना रक्त काढले जाते. औषध थांबवूनही आकडा उतरला नाही, किंवा पांढऱ्या पेशी आणि बिंबिकाही वाढलेल्या असल्या, तर जेएके-२ ची तपासणी करावी.

फेरिटिन जास्त आले की अंगात लोह साचले, हेही नेहमी खरे नसते. यकृतातली चरबी, मद्यपान, जंतुसंसर्ग यांनी फेरिटिन वाढते. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनाचा लोहाने व्यापलेला टक्का) ४५ टक्क्यांच्या वर असेल तर लोह साचण्याची शंका घ्यावी. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत सामान्य असलेला आनुवंशिक हिमोक्रोमॅटोसिस भारतीयांत विरळा आहे. आपल्याकडे त्याहून जास्त गफलत थॅलसेमिया मायनरमुळे होते : पेशी लहान, फेरिटिन ठीक, आणि तरीही लोहाच्या गोळ्या चालू. अशा वेळी हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी उपयोगी पडते.

टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या ट्रान्स पुरुषांच्या रिपोर्टवर लॅब अनेकदा स्त्रियांची सामान्य मर्यादा छापते आणि १६ ला ‘जास्त’ असा शिक्का बसतो. उपचार स्थिरावल्यावर त्यांचे हिमोग्लोबिन पुरुषांच्या पातळीत जाणे अपेक्षित असते, शिवाय पाळी थांबल्याने लोहाची मासिक गळतीही थांबते. तुलना पुरुषांच्या मर्यादेशी करावी. ५४ ची सीमा त्यांनाही लागू आहे.

डोस कमी केल्यावर किंवा औषध बंद केल्यावर आकडा आठवड्याभरात उतरावा अशी अपेक्षा असते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. त्यामुळे आधीच तयार झालेल्या पेशी मुदत संपून जाईपर्यंत हिमॅटोक्रिट हळूहळूच उतरतो, आणि बदललेल्या डोसचा खरा परिणाम साधारण तीन महिन्यांनंतरच्या तपासणीत दिसतो.