सलामीचा हात

भोकरदनला, केळणेच्या काठच्या जत्रेत मी एकदा चितपट झालो. जिंकणाऱ्याने हात पुढे केला. मी तो झिडकारला आणि अंगावरची माती झटकीत घरी आलो. वडील एवढेच म्हणाले, "सलामीला दिलास तो हात, मग सुटताना का आखडलास?"

कुस्तीगीर एकमेकांच्या अंगाला माती लावतात, ती पकड घामाने निसटू नये म्हणून. पण पाहणाऱ्याला तो मायेचाच हात वाटतो! शड्डू ठोकणे हे आव्हान. पाठीवरची थाप मात्र निकालानंतरची.

जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीला गादी विभागातल्या हर्षवर्धन सदगीरने माती विभागातल्या शैलेश शेळकेला ३-२ असे हरवून महाराष्ट्र केसरीची गदा मिळवली. दोघेही काका पवारांच्या तालमीतले. निकाल लागताच सदगीरने हरलेल्या शेळकेला चक्क खांद्यावर उचलून घेतले. ते पाहताना मला आमचा फड आठवला आणि, खोटे कशाला सांगू, मान खाली गेली.

परवा तो जुना गडी बाजारात भेटला. चाळीस वर्षांनी मी हात पुढे केला. गड्याने हात सोडून पाठीवर अशी थाप हाणली की पिशवीतली वांगी रस्त्यावर! दोघेही वाकून ती वेचीत बसलो.